जगभरच्या राज्यघटना एका जागी: ‘कॉन्स्टिट्यूट’मध्ये काय सापडतं, काय निसटतं

कॉन्स्टिट्यूट प्रोजेक्ट डॉट ऑर्ग या संकेतस्थळावर जगातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र देशांच्या राज्यघटना इंग्रजीत वाचायला मिळतात. स्पॅनिश आणि अरबी आवृत्त्याही आहेत. वाचायला पैसे लागत नाहीत, नोंदणी लागत नाही. सप्टेंबर 2013 मध्ये सुरू झालेल्या या सेवेमागे झकरी एल्किन्स, टॉम गिन्सबर्ग आणि जेम्स मेल्टन या तीन अभ्यासकांचा ‘कम्पॅरेटिव्ह कॉन्स्टिट्यूशन्स प्रोजेक्ट’ आहे. सुरुवातीचं आर्थिक बळ गूगल आयडियाजने दिलं होतं. नव्या घटनेचा मसुदा लिहिणाऱ्यांना इतर देशांनी तोच प्रश्न कसा सोडवला हे झटकन पाहता यावं, हा मूळ हेतू. पण विद्यार्थी, पत्रकार, वकील, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे अशा सगळ्यांनाच ही सेवा उपयोगी पडते.

मत आधीच सांगून टाकतो. एखादी तरतूद कोणत्या देशाच्या कोणत्या कलमात आहे, हे शोधायला इतकं सोयीचं मोफत साधन दुसरं नाही. ती तरतूद आज जशीच्या तशी लागू आहे का, आणि व्यवहारात तिचा अर्थ काय, या दोन प्रश्नांसाठी मात्र एकट्या या सेवेवर विसंबलात तर चुकाल. बऱ्याच चुका टाळता येतात, फक्त मजकूर कसा रचलाय हे माहीत हवं.

शब्द शोधू नका, विषय शोधा

सेवेचा खरा प्राण आहे तिची विषयसूची. तीनशेहून जास्त विषय आहेत आणि ते मोठ्या गटांत लावलेले आहेत: घटनादुरुस्ती, निवडणुका, कार्यकारी मंडळ, संघराज्य, न्यायमंडळ, विधिमंडळ, हक्क आणि कर्तव्यं, देखरेख करणाऱ्या संस्था वगैरे. प्रत्येक घटनेतला उतारा न् उतारा वाचून त्याला विषयाची खूण लावलेली आहे. त्यामुळे विषयावर टिचकी मारली की शब्द वेगळे असले तरी त्या आशयाचे उतारे समोर येतात.

याचं महत्त्व एका उदाहरणात कळेल. सरकारवरचा अविश्वास ठराव वेगवेगळ्या देशांत कसा चालतो हे बघायचंय, म्हणून बहुतेक जण शोधचौकटीत ‘नो कॉन्फिडन्स’ असं टाकतात. आता मजकूर काय म्हणतो ते बघा. जर्मनीच्या कलम 67 च्या इंग्रजी पाठात ‘लॅक ऑफ कॉन्फिडन्स’ आहे. स्पेनच्या कलम 113 मध्ये ‘मोशन ऑफ सेन्शर’ आहे. जपानच्या कलम 69 मध्ये ‘नॉन-कॉन्फिडन्स रेझोल्यूशन’ आहे. तीन देश, तिन्हींकडे सरकार पाडण्याची स्पष्ट तरतूद, आणि टाइप केलेले शब्द जसेच्या तसे एकाही ठिकाणी नाहीत. भारताची गत आणखी वेगळी. कलम 75(3) एवढंच म्हणतं की मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकपणे जबाबदार राहील. अविश्वास ठराव कसा मांडायचा, त्याला 50 सदस्यांचा पाठिंबा लागतो, हे सगळं लोकसभेच्या कामकाज नियमांत, नियम 198 मध्ये आहे. घटनेच्या मजकुरात ते सापडणारच नाही, कारण ते तिथे नाहीच.

पदांच्या नावांचंही तेच. ‘प्राइम मिनिस्टर’ शोधलं तर स्पेनचा सरकारप्रमुख निसटतो, कारण तिथे त्या पदाचं नाव ‘सरकारचा अध्यक्ष’ असं आहे. जर्मनीत तो चॅन्सेलर. उलट ‘प्रेसिडेंट’ टाकलं तर राष्ट्रपती, संसदेच्या सभागृहाचे अध्यक्ष, न्यायालयाचे अध्यक्ष असा सगळा गोंधळ एकत्र येतो. म्हणून कार्यकारी मंडळाच्या गटात जायचं आणि सरकारप्रमुखाला किंवा मंत्रिमंडळाला पदावरून दूर करण्याचा विषय निवडायचा. दोन मिनिटांत नीट यादी मिळते.

विषयसूची सगळं काम करत नाही, हेही सांगायला हवं. त्याच अविश्वास ठरावात एक उपप्रकार आहे, ‘रचनात्मक अविश्वास ठराव’. नुसतं सरकार पाडता येत नाही, त्याच ठरावात पर्यायी नेता द्यावा लागतो. जर्मनीत बुंडेस्टागने, म्हणजे संसदेच्या लोकनियुक्त सभागृहाने, सदस्यसंख्येच्या बहुमताने उत्तराधिकारी निवडला तरच चॅन्सेलर जातो, आणि ठराव मांडणं व मतदान यांत 48 तासांचं अंतर लागतं. स्पेनमध्ये किमान एक दशांश खासदारांनी, म्हणजे 350 च्या सभागृहात 35 जणांनी, उमेदवाराच्या नावासह ठराव द्यावा लागतो. पाच दिवस मतदान घेता येत नाही आणि पहिल्या दोन दिवसांत पर्यायी ठराव देता येतो. विषयाची खूण या ठरावाला आणि साध्या ठरावाला सारखीच लागते, कारण खुणेला ‘सरकार हटवण्याची पद्धत’ एवढंच कळतं. फरक कळायला उतारे एक एक वाचावेच लागतात. हा फरक किरकोळ नाही. 1982 मध्ये जर्मनीत हेल्मुट कोल आणि 2018 मध्ये स्पेनमध्ये पेद्रो सांचेझ याच वाटेने सत्तेवर आले.

तुलनेचा पडदा

दोन घटना शेजारी शेजारी उघडण्याची सोय आहे आणि ती खरोखर कामाची आहे. दोन देश निवडायचे, मग एक विषय निवडायचा; दोन्ही मजकुरांत त्या विषयाचे उतारे उठून दिसतात. मोबाइलवर दोन स्तंभ फार अरुंद होतात, हे काम संगणकावरच करा.

आणीबाणीचा विषय घेऊन दक्षिण आफ्रिका आणि भारत शेजारी लावले की या सोयीची ताकद आणि मर्यादा दोन्ही दिसतात. दक्षिण आफ्रिकेचं सगळं एका जागी आहे, कलम 37 मध्ये. आणीबाणी पुढल्या तारखेलाच लागू होते, मागल्या तारखेपासून लावता येत नाही. संसदेने मुदत वाढवली नाही तर ती 21 दिवसांत संपते. वाढ एका वेळी जास्तीत जास्त तीन महिन्यांची. पहिल्या वाढीला सभागृहाच्या एकूण सदस्यांचं बहुमत पुरतं, त्यानंतरच्या प्रत्येक वाढीला 60 टक्के लागतात. आणि कलमाच्या शेवटी एक तक्ता आहे: कोणते हक्क आणीबाणीतही हिरावता येत नाहीत आणि किती प्रमाणात. मानवी प्रतिष्ठा आणि जगण्याचा हक्क पूर्णपणे सुरक्षित. समतेचा हक्क मात्र वंश, वर्ण, लिंग, धर्म, भाषा अशा ठरावीक कारणांवरून होणाऱ्या भेदभावापुरता. तक्त्याचा तिसरा रकाना, म्हणजे संरक्षण कितपत, तो वाचला नाही तर ‘समतेचा हक्क अबाधित’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. बरेच जण इथेच घसरतात.

भारताची तरतूद विखुरलेली आहे. घोषणा कलम 352 मध्ये. संसदेची मंजुरी एका महिन्यात, विशेष बहुमताने, आणि एका मंजुरीची मुदत सहा महिने. पण हक्कांचं काय होतं हे त्या कलमात नाही. त्यासाठी 358 आणि 359 वाचावी लागतात, आणि कलम 20 (शिक्षेबाबतचं संरक्षण) व 21 (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य) निलंबित करता येत नाहीत हा 44 व्या दुरुस्तीने 1978 मध्ये आणलेला अपवाद 359 च्या आत एका वाक्यात आहे. राज्यांतली राष्ट्रपती राजवट 356 मध्ये, आर्थिक आणीबाणी 360 मध्ये. तुलनेच्या पडद्यावर पहिला उतारा वाचून थांबलात तर दक्षिण आफ्रिकेचं चित्र पूर्ण आणि भारताचं पाव हिस्सा अशी तुलना हातात येते. उपाय सोपा आहे: उताऱ्यावरून पूर्ण मजकुरात जा आणि तो संपूर्ण भाग, म्हणजे भारताच्या बाबतीत भाग 18, सलग वाचा.

उतारे सुटे दिसणं ही या सेवेतली सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट आहे. घटनेत हक्क एका पोटकलमात आणि त्याच्यावरची बंधनं पुढच्या पोटकलमात, अशी मांडणी सर्रास असते. शोधाच्या निकालात फक्त हक्काचं पोटकलम दिसलं तर तो देश फारच उदार वाटायला लागतो. कोणताही उतारा वापरण्याआधी त्याच्या वरची आणि खालची निदान दोन-तीन पोटकलमं बघितलीच पाहिजेत.

शीर्षकातलं साल नीट वाचा

प्रत्येक घटनेच्या नावापुढे एक साल असतं आणि बहुतेकदा कंसात दुसरं, म्हणजे मजकूर कोणत्या वर्षापर्यंतच्या दुरुस्त्यांसह आहे ते. हे दुसरं साल सगळ्यात महत्त्वाचं, आणि वाचणारे नेमकं तेच सोडून देतात. जगातल्या सगळ्या दुरुस्त्यांचा रोजच्या रोज पाठपुरावा करणं शक्य नाही. काही देशांचे मजकूर मागे पडलेले असतात.

तपासायची पद्धत अशी. ज्या देशावर काम करताय त्याची अलीकडची एक ठळक दुरुस्ती माहीत करून घ्या आणि ती मजकुरात आहे का बघा. फ्रान्ससाठी कलम 34 बघा: मार्च 2024 मध्ये गर्भपाताच्या स्वातंत्र्याचा उल्लेख तिथे आला. मेक्सिकोसाठी न्यायमंडळाचा भाग बघा: सप्टेंबर 2024 च्या दुरुस्तीने न्यायाधीश मतदानाने निवडायची पद्धत आली. ते दिसत नसेल तर त्या फाइलमधून मेक्सिकोच्या न्यायालयांबद्दल काहीही उद्धृत करू नका. भारतासाठी 106 वी दुरुस्ती, म्हणजे 2023 मधलं लोकसभा-विधानसभांतलं महिला आरक्षण. कलम 330क शोधा. इस्रायलच्या मजकुराचं साल 2018 च्या आधीचं असेल तर ज्यू राष्ट्र-राज्याबद्दलचा त्या वर्षीचा मूलभूत कायदा (तिथे असे कायदेच घटनेची जागा घेतात) त्यात असणार नाही. अशी चाचणी करायला पाच मिनिटं लागतात.

पहिल्या सालाबद्दलही सावध राहा. ते कधी घटना स्वीकारल्याचं असतं, कधी लागू झाल्याचं. अमेरिकेपुढे 1789 दिसतं. घटना लिहिली गेली 1787 मध्ये, मंजुरी 1788 मध्ये आणि अंमल 1789 पासून. भारतापुढे 1949 दिसतं, म्हणजे स्वीकाराचं वर्ष. अंमल 26 जानेवारी 1950 चा. जपानपुढे 1946, अंमल मात्र 3 मे 1947 चा. यावरून घटनांचं वय मोजून तक्ता करायला गेलात तर एकेक-दोन-दोन वर्षांची गफलत होते. याच प्रकल्पाच्या अभ्यासानुसार घटनेचं सरासरी आयुष्य 19 वर्षं भरतं. इतक्या कमी आयुष्याच्या हिशेबात दोन वर्षांची चूक मोठी.

शोधताना लागू असलेल्या घटना, मसुदे आणि इतिहासजमा घटना यांतला फरक गाळणीतून करून घ्या. चिलीचा 2022 चा 388 कलमांचा मसुदा वाचायला सुंदर आहे, हक्कांची यादी भरगच्च आहे, पण सप्टेंबर 2022 च्या सार्वमतात लोकांनी तो फेटाळला. 2023 चा दुसरा मसुदाही फेटाळला गेला. लागू आहे ती 1980 ची, अनेकदा दुरुस्त झालेली घटना. मसुद्यातला उतारा ‘चिलीची घटना म्हणते’ असं लिहून वापरला जाण्याचा धोका खरा आहे.

घटना एकाच पुस्तकात नसते

या सेवेची चौकट ‘एक देश, एक फाइल’ अशी आहे. बहुतेक देशांना ती बसते. ज्यांना बसत नाही त्यांच्या बाबतीत फाइलच दिशाभूल करू शकते, आणि इथे दोष सेवेचा कमी, विषयाच्या स्वभावाचा जास्त.

ब्रिटनचं नाव यादीत 1215 या सालासह दिसतं. 1215 ची मॅग्ना कार्टा ही सनद, 1689 चं हक्कांचं विधेयक, 1911 चा संसद कायदा अशा वेगवेगळ्या शतकांतल्या कायद्यांची ती मोट आहे. कोणते कायदे ‘घटनात्मक’ मानायचे ही निवड संपादकांची. ब्रिटनमध्ये साध्या बहुमताने असा कायदा येतो आणि जातो. संसदेची मुदत ठरवणारा 2011 चा कायदा 2022 मध्ये रद्द झाला आणि त्यासाठी कुठलीही घटनादुरुस्तीची खास प्रक्रिया लागली नाही. तेव्हा ब्रिटनच्या फाइलचा उपयोग ओळख करून घेण्यापुरता ठेवा.

फ्रान्सची अडचण वेगळी आणि जास्त फसवी, कारण तिथे एक नीटनेटका 1958 चा दस्तऐवज आहे. तो उघडून मूलभूत हक्क शोधलेत तर फारसं काही हाती लागत नाही. घाईत निष्कर्ष निघतो की फ्रान्सच्या घटनेत हक्कांची सनदच नाही. सनद आहे, पण ती सरनाम्यातून आत येते. सरनामा 1789 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याकडे, 1946 च्या घटनेच्या सरनाम्याकडे आणि 2004 च्या पर्यावरण सनदेकडे बोट दाखवतो, आणि कायदे घटनेला धरून आहेत का हे तपासणाऱ्या घटना परिषदेने 16 जुलै 1971 च्या निर्णयात सरनाम्याला घटनेइतकंच बंधनकारक मानलं. म्हणून फ्रान्सवर काम करताना ते तीन दस्तऐवज वेगळे उघडून शेजारी ठेवायचेच.

जर्मनीत असाच एक दुवा कलम 140 मध्ये दडलेला आहे. ते कलम जेमतेम एका वाक्याचं: 1919 च्या वायमार घटनेतली 136, 137, 138, 139 आणि 141 ही कलमं या मूलभूत कायद्याचा भाग राहतील. म्हणजे धर्मसंस्था आणि राज्य यांच्या संबंधांचा आजचा जर्मन कायदा बऱ्याच अंशी एका मोडीत निघालेल्या घटनेत लिहिलेला आहे. विषयसूचीतून तिथवर पोहोचलात तरी वायमारची कलमं पुढ्यात नसतील तर हातात रिकामी वाटी. ऑस्ट्रियातही 1920 च्या घटनेबरोबर नागरिकांच्या हक्कांचा 1867 चा मूलभूत कायदा वाचावा लागतो. स्वीडनचे तर अधिकृतपणेच चार मूलभूत कायदे आहेत: शासनपद्धती, राजवारसा, मुद्रणस्वातंत्र्य आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य.

संघराज्यांच्या घटक राज्यांच्या घटना इथे नाहीत. अमेरिकेतल्या पन्नासही राज्यांना स्वतःची घटना आहे आणि शिक्षण, स्थानिक शासन, राज्यातले न्यायाधीश कसे नेमायचे असे रोजच्या कारभाराचे पुष्कळ प्रश्न तिथेच ठरतात.

‘सापडलं नाही’ याचा अर्थ

ऑस्ट्रेलियाच्या घटनेत पंतप्रधान हा शब्दच नाही. 1901 मध्ये लागू झालेल्या त्या मजकुरात कार्यकारी सत्ता ब्रिटिश राणीकडे आणि तिच्या वतीने गव्हर्नर-जनरलकडे आहे; मंत्री तो नेमतो, सैन्याचा सरसेनापती तो आहे. मजकूर अक्षरशः वाचणाऱ्याला वाटेल की गव्हर्नर-जनरल हा एकहाती कारभार हाकणारा शासक आहे. प्रत्यक्षात तो जवळजवळ सगळं मंत्र्यांच्या सल्ल्याने करतो, आणि ते ठरतं घटनात्मक संकेतांनी, जे कुठेच लिहिलेले नाहीत. अमेरिकेच्या घटनेत न्यायालय कायदा रद्द करू शकतं असं वाक्य नाही. तो अधिकार 1803 च्या मारबरी विरुद्ध मॅडिसन निकालातून प्रस्थापित झाला. शोधात काही आलं नाही तर ‘त्या देशात ती व्यवस्था नाही’ असं कधीही लिहू नका. ‘घटनेच्या मजकुरात नाही’ एवढंच लिहिता येतं.

याच्या उलट बाजू आणखी धोक्याची: मजकुरात आहे, पण लागू नाही. भारताचं कलम 368 उघडा. त्यातलं पोटकलम (5) सांगतं की घटना दुरुस्त करण्याच्या संसदेच्या अधिकारावर कसलीही मर्यादा नाही. शब्द स्वच्छ आहेत, संदिग्धता नाही. ते पोटकलम आणि त्याच्या आधीचं (4) ही दोन्ही 42 व्या दुरुस्तीने 1976 मध्ये घातली आणि 1980 मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवली. पण न्यायालय घटनेच्या पुस्तकातली ओळ खोडत नाही. ओळ तशीच छापली जाते. खरी मर्यादा, म्हणजे घटनेची मूलभूत चौकट बदलता येत नाही हे तत्त्व, 24 एप्रिल 1973 च्या केशवानंद भारती निकालात आहे. 13 न्यायाधीशांचं पीठ, 7 विरुद्ध 6. मूळ मजकुरात त्याचा मागमूस नाही. जर्मनीने मात्र तसाच विचार थेट कलम 79(3) मध्ये लिहून ठेवलाय: संघराज्याची राज्यांमध्ये विभागणी, कायदे करण्यात राज्यांचा सहभाग, आणि कलम 1 व 20 मधली मानवी प्रतिष्ठा, लोकशाही अशी तत्त्वं यांना दुरुस्तीने हात लावता येत नाही. तुलनेच्या पडद्यावर जर्मनी आणि भारत लावले तर जर्मनीची घटना दुरुस्तीला बांधलेली आणि भारताची पूर्ण मोकळी दिसेल. दोन्हीकडे गाभ्याला कुलूप आहे. एका देशात ते कलमात लिहिलंय, दुसऱ्यात न्यायालयाने लावलंय, एवढाच फरक. अधिकृत भारतीय प्रतींत अशा ठिकाणी तळटीप असते, म्हणून या फाइलशेजारी ती प्रत उघडी असू द्या. राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोगाचं कलम 124क हेही असंच. ते घालणारी 99 वी दुरुस्ती 16 ऑक्टोबर 2015 ला रद्द ठरली.

घटनादुरुस्ती किती अवघड, हा लोकांचा आवडता तुलनेचा विषय, आणि तो या सेवेवर छान रंगतो. डेन्मार्कमध्ये संसदेने मंजूर करायचं, मग निवडणूक, नव्या संसदेने तोच मजकूर पुन्हा मंजूर करायचा, मग सार्वमत. त्यात बहुमत हवंच, शिवाय होकार देणारे एकूण मतदारांच्या किमान 40 टक्के हवेत. जपानमध्ये दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश आणि मग सार्वमतात बहुमत. ऑस्ट्रेलियात देशभरात बहुमत आणि सहापैकी चार राज्यांतही बहुमत. अमेरिकेत नेहमीची वाट म्हणजे दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश, मग तीन चतुर्थांश राज्यांची, म्हणजे 50 पैकी 38 ची, मंजुरी. हे सगळं काही मिनिटांत गोळा होतं. पण कागदावरच्या या अटींवरून अवघडपणाची क्रमवारी लावू नका. जपानची अट अमेरिकेपेक्षा कडक वाटत नाही, तरी जपानची घटना लागू झाल्यापासून एकदाही दुरुस्त झालेली नाही. अमेरिकेची 27 वेळा झाली. ऑस्ट्रेलियात 45 प्रस्ताव लोकांपुढे गेले आणि 8 मंजूर झाले. हे आकडे घटनेच्या मजकुरात नसतात, ते वेगळे मिळवावे लागतात.

भाषेचा प्रश्न

या सेवेवरचे बहुसंख्य मजकूर भाषांतरं आहेत. अधिकृत पाठ मूळ भाषेतला. एकाच घटनेची दोन इंग्रजी भाषांतरं ‘शाल’ आणि ‘मे’ या शब्दांत वेगळी पडली तर ‘करावंच लागेल’ आणि ‘करता येईल’ एवढा फरक पडतो. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला भाषांतर कुणाचं, संपादन कुणाचं हे दिलेलं असतं, ते वाचा. एखाद्या वाक्यावर तुमचा सगळा युक्तिवाद उभा असेल तर त्या देशाच्या संसदेच्या किंवा सरकारी राजपत्राच्या संकेतस्थळावरचा मूळ पाठ काढून, ती भाषा जाणणाऱ्याकडून ते एक वाक्य तपासून घ्या.

मराठीत लिहिणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. संज्ञा सरसकट आपल्या ओळखीच्या शब्दांत बसवू नयेत. जर्मनीच्या दस्तऐवजाचं नावच ‘मूलभूत कायदा’ आहे; 1949 मध्ये देश दुभंगलेला असताना त्याला घटना म्हणायचं मुद्दाम टाळलं होतं. तिथल्या घटना न्यायालयाला ‘सर्वोच्च न्यायालय’ म्हटलं की वाचणाऱ्याची समजूत चुकते, कारण जर्मनीत दिवाणी-फौजदारी अपिलांचं वरचं न्यायालय वेगळं आहे.

कोणी वापरावी, कशी वापरावी

ज्यांना पाच-दहा देशांची एका मुद्द्यावर पाहणी करायची आहे त्यांनी डोळे झाकून सुरुवात इथून करावी. विषय निवडा, हवे ते देश गाळून घ्या, उतारे पिन करा, म्हणजे बाजूला जपून ठेवा. पिन केलेले सगळे उतारे एकत्र उतरवून घेता येतात, त्यामुळे टिपणं काढायचा अर्धा वेळ वाचतो. मग प्रत्येक उताऱ्याच्या मूळ जागी जाऊन आजूबाजूची पोटकलमं वाचा आणि दुरुस्तीचं साल तपासा. एकाच देशाचा खोल अभ्यास करायचा असेल तर ही सेवा दाराशी पोहोचवते, पुढची वाट त्या देशाच्या अधिकृत प्रतीतून आणि न्यायनिर्णयांतून जाते. न्यायालयात दाखल करायच्या कागदात यातला मजकूर थेट उद्धृत करू नका.

मोठ्या घटना वाचताना पूर्ण फाइल उतरवून घेतलेली बरी. अमेरिकेची मूळ घटना सुमारे साडेचार हजार शब्दांची, ती एका बैठकीत वाचून होते. भारताची इंग्रजीत 1 लाख 40 हजार शब्दांच्या पुढे जाते आणि ब्राउझरमध्ये वरखाली करताना जागा हरवते. उतरवलेल्या पीडीएफवर ती कधी तयार केली याची तारीख असते. संदर्भ देताना देशाचं नाव, शीर्षकातली दोन्ही सालं, कलम आणि पोटकलमाचा क्रमांक, आणि ही तारीख, एवढं सगळं लिहा. पान क्रमांक देऊ नका: मजकूर अद्ययावत झाला की पानं सरकतात, कलमाचा क्रमांक बहुधा जागेवर राहतो.